मानाचा बार आणि आमच्या ह्यांचा खांदा

सलूनमध्ये गिऱ्हाईक बसलं की खालचा दांडा दाबून खुर्ची वर घेतात. जगात सगळीकडे वरच घेतात, म्हणजे केस कापणाऱ्याला वाकावं लागत नाही. आमच्या ह्यांनी गेल्या वर्षापासून ती खाली घ्यायला सुरुवात केली. इतकी खाली, की उंच माणूस बसला की त्याचे गुडघे छातीला टेकायचे आणि आरशात नुसतं कपाळ दिसायचं. एकदा पोस्टमन म्हणालासुद्धा, "अहो, केस कापताय की मला जमिनीत पुरताय?" सगळे हसले. हेही हसले. मी डबा द्यायला गेले होते, मला काही हसू आलं नाही. मला दिसत होतं, की कात्री धरलेला ह्यांचा उजवा हात कोपरापर्यंत बरगडीला चिकटलाय आणि वरती नुसतं मनगट फिरतंय.

घरी येऊन विचारलं, तर म्हणाले, "अगं, एका अंगावर झोपलो असेन. अवघडलाय जरा."

जरा! दोरीवर कपडे टाकायचे तर मुलीला हाक. माळ्यावरचा डबा काढायचा तर मला म्हणायचे, "तू काढ ना, तू उंच आहेस." मी ह्यांच्या खांद्याला लागते. एवढं धडधडीत खोटं बोलताना माणसाने निदान शेजारी उभं तरी राहू नये! भांग डाव्या हाताने पाडायला लागले, तो वाकडा जायचा. स्वतः सलूनवाला, आणि भांग असा की मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही दुसरीकडे जात जा केस कापायला." दुकानात डोक्याचं मालीश बंद केलं. कुणी मागितलंच तर सांगायचे, आता फॅशन गेली. मालिशची कसली आलीय फॅशन?

आता हा माणूस कोण, ते सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, एवढ्याशा खांदेदुखीवरून ही बाई का तणतणतेय.

ह्यांच्या वडिलांचं एका खुर्चीचं सलून होतं. हे शाळेत असताना इतके काडीपैलवान होते, की वर्गातली मुलं खिडकी उघडली की ह्यांना धरून ठेवायची, म्हणे वाऱ्याने उडून जाशील. त्या चिडवण्याला कंटाळून हे मागच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत गेले. व्यायामशाळा म्हणजे एका गोदामाची अर्धी खोली. ती चालवायचे ते वस्ताद. दिवसा लोखंडाच्या वखारीत नोकरी करायचे आणि सकाळ-संध्याकाळ पोरांना वजन उचलायला शिकवायचे. त्यांनी ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "या पैलवान." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ह्यांना पैलवान म्हणालं. बस, त्या दिवशी हा माणूस विकला गेला.

तिथे सगळ्यांना धंद्याच्या हत्याराच्या नावाने हाक मारायची रीत. हे कात्री. गॅरेजवाला तो पाना. शाळामास्तर होता त्याला खडू म्हणायचे. अजूनही रस्त्यात पाना भेटला की लांबून ओरडतो, "काय कात्री!" आणि शेजारच्या बायका माझ्याकडे बघतात.

पुढे माझे सासरे अचानक गेले आणि दुकान ह्यांच्या अंगावर आलं. जुनी गिऱ्हाइकं वडिलांच्या हाताची. ह्या कोवळ्या हाताखाली मान द्यायला कुणी तयार होईना. हे दिवसदिवस रिकाम्या खुर्चीशेजारी उभे. अशात एका सकाळी वस्ताद आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काप हवे तसे." आणि संध्याकाळी व्यायामशाळेत जाहीर केलं, की उद्यापासून सगळ्यांनी कात्रीकडेच जायचं. दुकान चाललं ते त्या माणसामुळे. हे मलाही मान्य आहे. मी कृतघ्न नाही. आणि हेही कबूल करते, की माझं लग्न ठरायच्या आधी मी ह्यांना पाहिलं ते दुकानाची नवीन लोखंडी खुर्ची एकट्याने खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडताना. आईला मी त्याच दिवशी हो म्हणून टाकलं. स्वभाव वगैरे नंतर बघितला.

तर असे ते खांदे. आणि त्या खांद्यांची वाट कशाने लागली? व्यायामाने! ह्याचाच तर संताप येतो. दारू नाही, तंबाखू नाही, पहाटे उठून घाम गाळणारा माणूस, आणि त्याला स्वतःच्या पाठीला साबण लावता येऊ नये?

झालं असं, की मुलगी कॉलेजच्या सहलीला निघाली होती. माळ्यावरची बॅग हवी होती. मी घरात नव्हते म्हणून हे स्टुलावर चढले, हात वर केला, आणि असे ओरडले की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. बॅग पडली, स्टूल पडलं, हे खांदा धरून खाली बसलेले. मी आले तेव्हा चेहरा घामाने थबथबलेला, आणि तरी पहिलं वाक्य काय? "काही नाही गं, जरा अवघडलाय." मी म्हटलं, "उठा. चला डॉक्टरकडे. आणि जरा हा शब्द आजपासून ह्या घरात बंद."

डॉक्टरांनी खांद्याचे फोटो काढायला लावले आणि फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. बाई म्हणजे आमच्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. पण हात लावायची पद्धत अशी, की हे तिच्यापुढे गपगार झाले. तिने हातात एक साधी काठी दिली आणि म्हणाली, "काका, दोन्ही हातांनी धरा आणि सरळ डोक्यावर न्या." डावा हात कानाला जाऊन लागला. उजवा मध्येच अडकला, आणि तो आणखी वर न्यायच्या नादात ह्यांचा अख्खा खांदा कानाकडे सरकला, कंबर मागे वाकली.

"तुम्ही वजन उचलता ना? कसं उचलता, ते ह्या काठीने दाखवा."

ह्यांनी मोठ्या अभिमानाने दाखवलं. काठी मानेच्या मागे, खांद्यांवर. मान पुढे काढलेली, कोपरं पार मागे. तिथून काठी वर नेली ती टाळूच्या जरा वर, आणि थांबले. पुन्हा खाली. पुन्हा तेवढीच वर.

बाई म्हणाल्या, "अर्ध्यात का थांबलात?"

"तेवढंच असतं," हे म्हणाले.

"आणि मान का बाहेर काढता?"

"तशीच पद्धत आहे. आमच्या वस्तादांची."

बाईंनी खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर घेतली आणि समजावून सांगितलं. मी शेजारीच बसले होते, मलासुद्धा कळलं. हात वर जाताना नुसता हात जात नाही, पाठीवरचं खांद्याचं पातं त्याच्याबरोबर फिरावं लागतं. पाठीचा वरचा भाग कडक असला तर ते फिरत नाही, आणि मग वरचं हाड आणि हाताचं हाड ह्यांच्या मध्ये स्नायूची दोरी चिमटली जाते. बार, म्हणजे वजनाचा तो लोखंडी दांडा, मानेमागे धरला की कोपरं इतकी मागे जातात, की ज्याचा खांदा मोकळा नाही त्याच्यासाठी तो चिमटा आणखीनच घट्ट. त्यात वजन. त्यात रोज. आणि हात पुरता वर कधी गेलाच नाही, म्हणून पातं फिरायचंच विसरलं. "तुमची ती दोरी झिजून सुताएवढी उरली आहे, काका," त्या म्हणाल्या. "अजून तुटलेली नाही. व्यायाम केलेत तर सांभाळता येईल. पण असं एखादं मोठं वजन पुन्हा मानेमागून रेटलंत आणि ती तुटली, तर ऑपरेशन. त्यानंतर दिवसभर हात उचलून केस कापता येतील की नाही, ते मी आज नाही सांगू शकत."

मग व्यायाम दाखवले. पाठीखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन आडवं पडायचं आणि काठी हळूहळू डोक्याकडे न्यायची. भिंतीवर बोटांनी चालत चालत हात वर न्यायचा. पुढे कधी वजन घ्यायचंच तर बार समोरून, कोपरं जराशी पुढे, मान सरळ, आणि सुरुवात रिकाम्या काठीने. "दुखलं की थांबायचं. दुखलं म्हणून जोर लावायचा नाही," असं बाई दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणताना माझ्याकडे बघून म्हणाल्या. हुशार मुलगी.

मी सुटकेचा श्वास सोडतेय तोवर हे म्हणतात कसे, "ते सगळं करतो मी. पण येत्या रविवारी एकच बार उचलायचाय. मानाचा आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा मानाचा बार म्हणजे काय, तेही सांगते. व्यायामशाळा आता त्या गोदामात नाही, मोठ्या हॉलमध्ये गेली आहे. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला एका जुन्या विद्यार्थ्याला मान देतात. सगळ्यांसमोर वस्ताद त्याचं नाव पुकारतात, तो भरलेला बार मानेमागून डोक्यावर नेतो, मग टाळ्या, मग बाकीचा कार्यक्रम. यंदा ह्यांचं नाव होतं. हे किती वर्षं त्याची वाट बघत होते, ते मला माहीत आहे. लग्नाचा शर्ट बसत नाही म्हणून हळहळले नाहीत तेवढे हे दर वर्षी दुसऱ्याचं नाव पुकारलं की हळहळायचे.

बाई काही रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मानाचा असला तरी दोरीला ते कळत नाही, काका."

दुसऱ्या दिवशी दुकानाची सुट्टी होती. दुपारी जेवणं झाल्यावर मी विषय काढला. आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. त्या जुन्या गोदामाच्या खोलीत मी नवी नवरी असताना डबा घेऊन गेले होते. छत हे एवढं ठेंगणं, आणि बरोबर मधोमध पंखा. एक पातं वाकलेलं, कारण कुणीतरी बार पुरता वर नेला होता म्हणे.

"अहो, पंखा!" मी ओरडलेच. "पंख्याला लागू नये म्हणून तुम्ही सगळे अर्ध्यात थांबत होता आणि माना पुढे काढत होता! आता हॉलमध्ये छत दोन माणसं उंच आहे, पंखा कुठेच नाही, तरी तुम्ही अजून त्याला चुकवताय! आणि नवीन आलेली पोरं, ज्यांनी तो पंखा कधी बघितलासुद्धा नाही, तीही चुकवतायत! पद्धत म्हणे!"

मला हसू आवरेना. ह्यांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या.

"वस्तादांची पद्धत आहे ती. पंख्याचा काय संबंध? वस्ताद काय पंख्याला घाबरून शिकवतील? त्यांचा हातच तेवढा जातो, म्हणून…"

हातातलं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, ते उलटं.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"वस्तादांचा हात तेवढाच जातो? तुम्हाला कसं माहीत?"

मग पेपरामागून आवाज आला, "केस कापून झाले की त्यांना शर्ट मीच घालतो. उजवी बाही त्यांना स्वतःला चढवता येत नाही. म्हणून तर ते दुपारी येतात, दुकानात कुणी नसताना."

मी डोक्यावर हात मारून घेतला. बघा तुम्हीच! ज्या माणसाचा हात वर जात नाही, त्याच्याकडून हात वर करायला शिकणारे हे, आणि ते ह्यांना ठाऊक! वर्षानुवर्षं त्या माणसाला बाळासारखा शर्ट घालायचा, आणि संध्याकाळी जाऊन त्याच्याच सारखा बार मानेमागे घ्यायचा! आमच्या घरात दूध उतू गेलं तर दुसऱ्या दिवशी आपण गॅस बारीक करतो. एवढीही अक्कल त्या हॉलमध्ये कुणाला नसावी?

"अगं, ते आता वयाने झालंय," हे म्हणाले. "म्हातारपण आहे. पूर्वी असं नव्हतं."

"पूर्वी त्यांचा हात पुरता वर गेलेला तुम्ही पाहिलाय?"

हे विचारात पडले. "पूर्वी… पूर्वी पंखा होता ना," म्हणाले.

मी हात टेकले. माझाच पंखा माझ्याच अंगावर.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पान्याला, खडूला, सगळ्यांना सांगते. तर हे खाडकन उभे राहिले. लग्नानंतर माझ्यावर आवाज चढवायची ह्यांची बहुधा पहिलीच वेळ. "दुकानातलं दुकानात राहतं! माणूस माझ्या खुर्चीत डोळे मिटून बसतो तो ह्या भरवशावर. तुला माझी शपथ आहे." हे मात्र खरं आहे. आमच्या गल्लीत कुणाच्या डोक्यावर खोटे केस आहेत, ते मला अजून ह्यांनी सांगितलेलं नाही, आणि मी काय कमी विचारलंय? मी शपथ घेतली. पण ही शपथ घेताना मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता. त्या माणसाचं गुपित सांभाळायला हा माणूस स्वतःचा हात द्यायला निघाला होता. ज्या हातावर आमचं घर चालतं, तो हात!

"शब्द दिलाय गं त्यांना," एवढंच पुटपुटत राहिले. "त्यांनी माझ्यासाठी केलंय."

रविवारी मीही गेले. हे म्हणाले, तू कशाला येतेस, मी म्हटलं, ऑपरेशनच्या कागदावर सही कुणाची लागते? हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीला पताका, मधल्या मॅटवर तो बार, दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या लावलेला. वस्ताद एका कडेला हाताची घडी घालून उभे. मला तेव्हा कळलं की ते नेहमी घडी घालून का उभे असतात. कुणाला काही दाखवायचं तर हनुवटीने दाखवतात.

मी सरळ त्यांच्यापुढे गेले. शपथ त्यांच्या हाताची होती, ह्यांच्या हाताची नव्हती. म्हटलं, "वस्ताद, डॉक्टरांनी ह्यांना बार उचलायला बंदी केली आहे. आतली दोरी तुटायला आलीय. तुम्हीच नको म्हणा. तुम्ही म्हणालात तर ऐकतील."

वस्ताद हसले. "सूनबाई, खांदा आहे तो, काचेचा पेला नव्हे. डॉक्टरांना घाबरवल्याशिवाय करमत नाही. एवढं लोखंड उचललेला गडी, एका बाराने काय होतंय?"

आजूबाजूची माणसं हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "वहिनी, कात्रीला घरी झाडू मारायला लावता का तुम्ही?" मी वळून बघितलं तसा तो दुसऱ्याच्या मागे सरकला. पण माझे कान तापले होते. मी बायको आहे म्हणून मी घाबरट, आणि हे सगळे पुरुष, सुजलेले खांदे घेऊन फिरणारे, हे शूर!

तेवढ्यात पाना पुढे आला. गॅरेजवाला माणूस, दिवसभर गाडीच्या खाली उताणा पडून हात वर करून काम करतो. खांदा चोळत जरा ओशाळून म्हणाला, "वस्ताद, माझाही हल्ली वर नेताना कळ मारतो हो. थांबू का थोडे दिवस?"

वस्तादांनी डाव्या हाताने त्याच्या पाठीवर थाप मारली. "दुखणं खांद्यात नसतं रे, डोक्यात असतं. माझ्याकडे बघ. आयुष्य गेलं बार उचलण्यात. ह्या खांद्याने एक दिवस कुरकुर केली असेल तर शपथ."

मी जीभ दातांखाली धरली. खरंच धरली, नंतर दिवसभर झोंबत होती. शपथेने बांधलेली होते मी. पान्याचा चेहरा बघवत नव्हता. त्याला धीर आला होता. तो मान हलवत होता, की हो, वस्ताद म्हणतात तर डोक्यातच असेल. उद्या जाऊन तो दुप्पट जोर लावणार होता. मी ह्यांच्याकडे बघितलं.

हे मॅटच्या कडेला कमरेचा पट्टा आवळत होते. हात तिथेच थांबले होते. ऐकलं होतं त्यांनी. स्वतःच्या खांद्यासाठी जो माणूस माझं, डॉक्टरांचं, त्या फिजिओवाल्या पोरीचं, कुणाचंच ऐकत नव्हता, तो पान्याकडे बघत राहिला. मग पट्टा सोडला. सोडून बाकावर ठेवला आणि सावकाश चालत वस्तादांपुढे आला.

"वस्ताद," हे म्हणाले, "पान्याला नुसता हात वर करून दाखवा."

"काय?"

"बार नको. काठीपण नको. नुसता उजवा हात, सरळ वर."

वस्तादांचा चेहरा उतरला. त्यांनी ह्यांच्याकडे असं बघितलं की मला क्षणभर त्यांचीच कीव आली. "कात्री," ते हळू म्हणाले, "मी तुझ्याकडे डोळे मिटून बसतो रे."

"मी कुणाला काही बोललो नाही. आताही बोलत नाही. तुम्ही खोटं बोललात म्हणून विचारतोय. दाखवा."

एवढी माणसं बघत असताना नाही म्हणायची सोय नव्हती. वस्तादांनी घडी सोडली आणि हात उचलला. खांद्याएवढा आला. तिथून अख्खं अंग डावीकडे कललं, कान आणि खांदा एकमेकांना चिकटले, आणि हात टाळूपाशी येऊन थांबला. जिथे ह्यांचा बार थांबतो, अगदी तिथेच. जिथे पान्याचा थांबतो, खडूचा थांबतो, जिथे त्या हॉलमधल्या प्रत्येकाचा थांबतो, तिथेच.

पाना आधी हसला. त्याला वाटलं गंमत चाललीय. मग त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"वय झालं हो वस्तादांचं," खुर्चीतून कुणीतरी सावरून घेत म्हणालं.

"वय नाही," वस्ताद म्हणाले. ते बाकावर बसले. बोलले ते फक्त ह्यांच्याशी, जणू बाकीचे आम्ही तिथे नव्हतोच. "तू पहिल्यांदा आलास ना, काडीपैलवान, त्याच्या आधीचा आहे हा. वखारीत नवीन लागलो तेव्हाच खांदा गेला. असाच, मानेमागून रेटताना."

ह्यांनी विचारलं, "म्हणजे मला शिकवलंत तेव्हा…"

"तेव्हाही एवढाच जायचा. मग एवढंच शिकवलं. कुणी विचारलं तर पंखा होता दाखवायला."

मानाचा बार त्या दिवशी कुणी उचलला नाही, तो मॅटवरच राहिला. पण त्या क्षणी मला बाराचंसुद्धा भान नव्हतं. अख्ख्या गावाची पोरं ह्या माणसाने आपल्यासारखी करून ठेवली होती! ज्या वेदनेने स्वतः रात्र रात्र तळमळला असेल, तीच पद्धत म्हणून पोरांना वाटत सुटला. दुसऱ्याच्या अंगात ती उतरताना रोज डोळ्यांनी पाहिली, आणि वर पाठीवर थाप मारली. मला रडूही येत होतं आणि त्यांची गचांडी धरावीशीही वाटत होती. शेवटी ओरडलेच, "सांगितलं का नाहीत? एका शब्दाने सांगितलं असतंत तर!"

वस्तादांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते ह्यांच्याकडेच बघत होते.

"ज्याचा स्वतःचा हात वर जात नाही, त्याच्याकडे कोण येणार होतं शिकायला?" ते म्हणाले. "तू आला असतास, कात्री? खरं सांग."

हे त्यांच्यासमोर उभे होते, उजवा हात बरगडीला धरून.

"आलो असतो, वस्ताद," हे म्हणाले. "आणि आज माझा हात वर गेला असता."